हिशेबाला वार हवा

करसल्ल्याच्या व्यवसायात येणारी माणसं पैशांच्या टंचाईपेक्षा वेळेच्या टंचाईनं जास्त अडलेली दिसतात. पगार बरा असतो, बहुतेकदा दोघंही कमावती असतात, उधळपट्टी नसते. तरीही आणलेली कागदांची पिशवी टेबलावर रिकामी झाली की तिच्यातून मुदत उलटून गेलेली ठेवपावती निघते, बँकेचा न उघडलेला लिफाफा निघतो, कोणी आणि कशासाठी घेतली ते घरात कोणालाच आठवत नाही अशी विमा पॉलिसी निघते. ‘निवांत बसून बघायचं होतं, पण वेळच झाला नाही,’ हे वाक्य त्याबरोबर ठरलेलं. यावर दोन तयार निदानं ऐकायला मिळतात: लोकांना शिस्त नाही, किंवा लोकांना आर्थिक साक्षरता नाही. बरीच वर्षं हे काम केल्यावर मला दोन्ही अपुरी वाटतात. मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ असतं, गाडीचं सर्व्हिसिंग ज्यांचं कधी चुकत नाही, त्यांना बेशिस्त कसं म्हणायचं? आणि ठेवीची मुदत संपली की बँकेत जावं, हे कळायला कोणतं शिक्षण लागतं? माझं म्हणणं वेगळं आहे. घरच्या हिशेबाला लागणारा वेळ प्रत्येक कुटुंब शेवटी देतंच. तो आपण नेमलेल्या दिवशी देतो की दुसऱ्यानं नेमलेल्या दिवशी, एवढाच फरक. दुसऱ्यानं नेमलेल्या दिवशी दिलेला वेळ महाग पडतो, आणि तो किती महाग पडतो हे आकड्यांत मांडता येतं.

सर्वांत ओळखीचा असा परका दिवस मार्चमधला. जानेवारीत कंपनी गुंतवणुकीचे पुरावे मागते, फेब्रुवारीच्या पगारातून मोठा कर कापला जातो आणि मार्चमध्ये धावपळ सुरू होते. जुन्या करप्रणालीत गुंतवणुकीवर वजावट देणाऱ्या कलम 80सीची दीड लाखाची मर्यादा 2014-15 पासून तीच आहे. म्हणजे ती एप्रिलमध्येही माहीत असते. पीपीएफचं उदाहरण घ्या. या खात्यावर दर महिन्याच्या 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. व्याजदर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे. दीड लाख रुपये 5 एप्रिलच्या आत भरले तर त्या वर्षाचं व्याज 10,650 रुपये. तेच पैसे 20 मार्चला भरले तर त्या वर्षात त्यांच्यावर एक पैसाही नाही. एप्रिलमध्ये एवढी रक्कम हातात नसते, हे खरं. पण दर महिन्याला 5 तारखेच्या आत साडेबारा हजार भरत गेलं तरी सुमारे 5,770 रुपये जमा होतात. गुंतवणूक तीच, रक्कम तीच, जोखीम तीच. बदलली ती फक्त तारीख. पीपीएफमध्ये निदान मुद्दल सुरक्षित राहतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं सही केलेल्या एंडोमेंट पॉलिसीत तेवढंही हमखास नसतं, कारण दुसऱ्या वर्षी हप्ता जड वाटून ती सोडली तर भरलेल्या पैशातला चांगला वाटा हातचा जातो. ऑक्टोबर 2024 पासून परताव्याचे नियम ग्राहकाच्या बाजूनं सुधारले, तरी तोटा पुरता टळलेला नाही. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, ही सवलत कायद्यानंच दिलेली आहे. पण ती वापरायची तर पॉलिसी वाचावी लागते, आणि ती पाकिटातून बाहेर निघते ती पुढच्या मार्चमध्ये.

याहून मोठी रक्कम गृहकर्जात जाते आणि तिथे मार्चसारखा गजर होत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. समजा, त्याआधी कोणी 30 लाखांचं कर्ज पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता होतो सुमारे 22,811 रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला की 30 लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच 23,125 रुपये होतं, म्हणजे हप्त्याहून जास्त. वर्षभर फेडून मुद्दल थोडं उतरलं असलं, तरी हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जिरतो. अनेक बँकांनी या काळात हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. महिन्याला खात्यातून तेवढीच रक्कम जात राहिल्यामुळे कर्जदाराला काही बदलल्याचं जाणवलंच नाही. निवृत्तीच्या पुढे सरकलेली शेवटच्या हप्त्याची तारीख फक्त कर्जाच्या विवरणपत्रावर दिसत होती. शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना बँकेनं परिणाम कळवावा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. पर्याय मिळाला, तरी तो निवडायला कोणीतरी बसायला हवं. 2025 मध्ये दर उतरले तेव्हाही हेच दिसलं. ऑक्टोबर 2019 नंतरची बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, बांधलेली आहेत. त्याआधीची बरीच कर्जं जुन्याच पद्धतीवर आहेत आणि त्यांचे दर हळूहळू हलतात. नव्या पद्धतीवर येण्यासाठी एक अर्ज आणि थोडं शुल्क लागतं. त्या अर्जाला लागणारा अर्धा तास ज्या घरात निघत नाही, त्या घरातलंच माणूस दहा टक्के सवलतीसाठी दुकानात तासभर घासाघीस करताना दिसतं.

तिसरा पुरावा साऱ्या देशाच्या पातळीवरचा आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च 2024 अखेर ही रक्कम 78,000 कोटी रुपयांच्या वर होती. हे पैसे कोणी ना कोणी काटकसरीनं बाजूला ठेवलेले होते. ठेवणाऱ्यात शिस्त होती, बचतीचं ज्ञानही होतं; नव्हता तो वेळ, म्हणजे कुठे काय ठेवलं आहे हे घरच्यांना सांगून ठेवण्याचा, वारसनोंद करण्याचा, पत्ता बदलल्यावर बँकेला कळवण्याचा. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवी शोधता येतात, पण कोणत्या नावानं आणि कोणत्या बँकेत शोधायचं हे सांगणारा माणूसच अनेकदा गेलेला असतो. मग त्या एका न केलेल्या नोंदीचा वेळ वारसांना द्यावा लागतो, आणि तो न्यायालयात वारसा प्रमाणपत्रासाठी खेटे घालत.

हा प्रश्न आज जास्त निकडीचा का, याचं एक कारण करकायद्यातच आहे. जुनी करप्रणाली कितीही किचकट असली, तरी ती मध्यमवर्गाला वर्षातून एकदा सक्तीनं हिशेबाला बसवत होती. वजावट हवी तर पैसे अडकवा, असं ती सांगे. आडमार्गानं का होईना, त्यातून अनेक घरांची पीपीएफ खाती भरली आणि मुलींच्या नावे पैसे साठले. 2023-24 पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. तिच्यात 80सीची वजावट नाही. 2025-26 पासून तर 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, करच लागत नाही. सामान्य पगारदाराच्या हातात जास्त पैसे राहतात, ही चांगलीच गोष्ट. पण मार्चची घंटा त्याच्यासाठी बंद झाली. आता त्याला हिशेबाला बसवणारं बाहेरचं कोणीच उरलं नाही. उरले ते विकणारे. म्हणून दिवस आपणच नेमायला हवा.

इथे पहिला आक्षेप येतो: वेळ आणायचा कुठून? आक्षेप खोटा नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं जाताना दिसली, पुरुषांची 88. नोकरी, लोकलचा प्रवास आणि वर हे सगळं करणाऱ्या बाईला ‘रोज खर्च लिहीत जा’ सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं आहे. म्हणूनच मी रोजची वही कोणाला सुचवत नाही. कोथिंबिरीची जुडी दहाला आली की पंधराला, याची नोंद ठेवून घर सावरत नाही. सावरतं ते महिन्यातून एकदा, तासभर, दोघांनी बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन बसण्यानं. यूपीआयमुळे ती वही आता आपोआप लिहिली जाते. ऑगस्ट 2023 पासून देशात महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार यूपीआयवर होत आहेत आणि चहाच्या टपरीवरचे वीस रुपयेही त्यात सापडतात. स्टेटमेंटची प्रत काढायची आणि पेन्सिलनं प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहीत जायचं: घर, हप्ता, मुलं, प्रवास, सण, औषध. काही ओळी पटकन कळतात. काही ठिकाणी दुकानाच्या नावाऐवजी क्यूआर कोडचा लांबलचक आकडा असतो; महिन्याच्या आत पाहिला तर ‘अरे, तो आपला गॅस दुरुस्तीवाला’ असं आठवतं, वर्षानं पाहिला तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काही ओळी दर महिन्याला त्याच तारखेला येतात: कोणी न पाहणाऱ्या चॅनेलची वर्गणी, बंद पडलेल्या जिमचा हप्ता, किमान शिल्लक नसल्याचा दंड. एखाद्या ओळीत क्रेडिट कार्डाची फक्त किमान देय रक्कम भरलेली दिसते; तिच्यामागे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरचं व्याज चालू असतं. ज्या ओळींचा उलगडा होत नाही त्यांच्यापुढे ‘माहीत नाही’ लिहावं. स्टेटमेंट पहिल्यांदा असं पाहताना मिळणारी सर्वांत उपयोगी संख्या म्हणजे या ‘माहीत नाही’ची बेरीज.

तासातला दुसरा भाग पुढच्या खर्चांचा. घराचं बजेट कोसळतं ते ‘अचानक आलेल्या’ खर्चांनी, असं सगळे सांगतात. पण ते खर्च नीट लिहून काढले तर त्यातले बहुतेक अचानक नसतात. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं येतात, गणपती येतात, दिवाळी येते, एप्रिल-मेत लग्नसराई आणि अहेर येतात, गाडीच्या विम्याची तारीख तर कागदावर छापलेलीच असते. समजा, एखाद्या घराचे हे वार्षिक खर्च असे आहेत: शाळा 60,000, सणवार 40,000, अहेर आणि गावाकडच्या फेऱ्या 20,000, गाडीचा विमा 12,000, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्त्या 12,000. बेरीज 1,44,000, म्हणजे महिन्याला 12,000. एवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात ठेवली नाही, तर त्या घराला आपला पगार आहे त्यापेक्षा 12,000 रुपयांनी जास्त वाटत राहतो. त्या भासावरच नवा फोन हप्त्यानं घेतला जातो आणि जूनमध्ये कार्ड घासलं जातं. खऱ्या आणीबाणीचे खर्च, म्हणजे आजारपण किंवा नोकरी जाणं, वेगळेच आहेत. त्यांच्यासाठी राखीव रक्कम आणि आरोग्य विमा लागतो. तोही आधीच घ्यावा लागतो, कारण जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: हे सगळं खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचं झालं, ज्यांचं महिन्याला भागतच नाही त्यांनी कसलं नियोजन करायचं? याचं उत्तर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आधीच लिहिलेलं आहे. महिला बचत गटांची पंचसूत्री अशी: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेबाची नियमित नोंद. पहिलं सूत्र बचतीचं नाही, बैठकीचं आहे. ज्या बाईकडे बाजूला टाकायला महिन्याला शंभर रुपये असतात, तिला आधी सांगितलं जातं की ठरल्या दिवशी येऊन बस. 1992 मध्ये नाबार्डनं गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँकांनी कर्ज दिलं ते तारणावर नव्हे. गट नियमित भेटतो का, त्याची पुस्तकं लिहिलेली आहेत का, हे पाहून. शहरातली भिशीही याच तत्त्वावर चालते. व्याज नाही, कायद्याचं संरक्षण नाही, तरी लोक पैसे भरतात, कारण तारीख ठरलेली असते आणि चार ओळखीची माणसं बघत असतात. भिशी बुडाल्याची उदाहरणं आहेत आणि मी तिचा प्रचार करत नाही. पण दिवस नेमण्याची ताकद तिथे उघड दिसते. उत्पन्न अनियमित असलेल्यांबद्दल तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास बोलका आहे. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांनी पीक विकण्यापूर्वी, हात तंग असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत जे गुण मिळवले त्यापेक्षा पीक विकल्यानंतर जास्त मिळवले. ओढगस्तीची चिंता डोक्यातली जागा खाते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. म्हणजे हिशेबाला बसायचं ते महिन्याच्या 28 तारखेला नाही. पगार, ऊसबिल किंवा रिक्षाचा बरा आठवडा हातात पडल्यावर लगेच बसायचं. ओढाताणीत माणूस निर्णय घेत नाही, नुसती सुटका शोधतो.

तिसरा आक्षेप सोयीचा: अ‍ॅप आहेत, स्वयंचलित हप्ते आहेत, नाहीतर सल्लागार आहे, आपण कशाला बसायचं? अ‍ॅप वर्गवारी करून देतं आणि एसआयपी ठरल्या तारखेला आपोआप जाते, हे उपयोगाचंच आहे. पण जी व्यवस्था एसआयपी न विसरता कापते, तीच नको असलेली वर्गणीही न विसरता कापते. अशा कपातीपूर्वी चोवीस तास आधी सूचना यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना येतेही आणि अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात नाहीशीही होते. सल्लागाराबद्दल बोलताना मी स्वतः सल्ल्यावरच पोट भरतो हे वाचकानं लक्षात ठेवावं. सेबीच्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणी झालेला सल्लागार तुमच्याकडून फी घेतो; विमा किंवा फंड विकणाऱ्याला कंपनीकडून कमिशन मिळतं. कोण कोणाकडून पैसे घेतो, एवढं विचारायलाही वेळ काढावा लागतो. आणि सल्लागार कितीही प्रामाणिक असला, तरी गावाकडचं घर दुरुस्त करायचं की मुलीला परगावी शिकायला पाठवायचं, हे तो सांगू शकत नाही. हिशेब आखून द्यायचं काम त्याचं. आधी काय आणि नंतर काय, हे घरानंच ठरवायचं.

चौथा आक्षेप लोक मोठ्यानं बोलत नाहीत, पण बहुतेक बैठका याच कारणानं होत नाहीत: पैशांचा विषय निघाला की घरात भांडण होतं. ही भीती रास्त आहे. माझ्या पाहण्यात मात्र भांडण आकड्यांवरून कमी आणि एकालाच आकडे ठाऊक असण्यावरून जास्त होतं. अनेक घरांत नवरा ‘मोठे व्यवहार’ बघतो, बायको घरखर्च चालवते; तिला कर्जाची शिल्लक माहीत नसते, त्याला डाळीचे भाव आणि क्लासची फी माहीत नसते, आणि दोघांनाही दुसरा उधळतो असं वाटत असतं. एक नियम इथे कामी येतो: मागच्या महिन्याचा खटला चालवायचा नाही, फक्त पुढच्या महिन्याचं ठरवायचं. आणि दोघांच्याही नावावर दर महिन्याला थोडी रक्कम अशी ठेवायची जिचा जाब कोणी विचारणार नाही. हिशेबानं जगणं कोरडं होतं म्हणणाऱ्यांनाही तेच उत्तर. मनसोक्त खर्च करायचा तो रकाना आधीच भरलेला असेल तर नाटकाचं तिकीट काढताना अपराधी वाटत नाही.

या तासाकडून नको त्या अपेक्षा ठेवू नयेत. तो पगार वाढवत नाही, महागाई थांबवत नाही, इस्पितळाचं बिल कमी करत नाही. ज्या घरात खरोखरच उत्पन्न तोकडं आहे तिथे नियोजनाचा उपदेश करून मजुरीचा आणि आरोग्यसेवेचा प्रश्न झाकणं हा दांभिकपणा होईल. पण जे पैसे हातात येतात ते आपल्या नकळत जाणार नाहीत, एवढं तो नक्की करतो. पगारानंतरचा पहिला रविवार धरा किंवा आणखी कोणता वार, पण तो मुलांच्या क्लाससारखाच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्याच वेळी सगळं करू नये. एका कोऱ्या पानावर घराची खाती, ठेवी, कर्जं, विमे आणि प्रत्येकापुढे नोंदलेल्या वारसाचं नाव लिहावं. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार वारसनोंदी करता येतात, म्हणजे ‘कोणाचं नाव घालू’ हेही निमित्त उरलेलं नाही. स्टेटमेंट, बेरजा आणि बारा हजारांचं खातं पुढच्या महिन्यांत येईलच. ते पान भरायला अर्थशास्त्र लागत नाही. दोघं एकाच वेळी घरात असणं लागतं.